भाड्याचा कॅम्पिंग संच वाळवंटातल्या शर्यतीला पुरतो का?

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे सहा जणांसाठी म्हणून जो कॅम्पिंगचा संच भाड्याने मिळतो, त्याची यादी दुकान बदललं तरी फारशी बदलत नाही. तिघांचे दोन घुमटी तंबू, सहा स्लीपिंग बॅगा, सहा फोमच्या चटया, डब्याच्या गॅसवर चालणारी एक शेगडी, चार्जिंगचे दोन कंदील आणि घडीच्या खुर्च्या. तोरणमाळला यशवंत तलावाच्या बाजूला दोन रात्री काढायच्या तर यात खोट काढायला जागा नाही. पण हिवाळ्यात मित्रमंडळी दोन फोर बाय फोर गाड्या काढून जैसलमेरकडे ऑफ-रोड शर्यत बघायला निघतात, तेव्हाही हाच संच उचलतात. तिथे तो किती टिकतो, कुठे तोकडा पडतो आणि त्यात काय बदलायचं, हे इथे सांगतो. दुकानाचं नाव घेत नाही, कारण माल सगळ्यांकडे सारखाच असतो आणि उणिवाही सारख्याच.

निकाल आधीच सांगतो. झोपायचं आणि बसायचं सामान चालतं. तंबू चालतो, पण त्याच्या मेखा नाही चालत. शेगडी बदलावी लागते. आणि गाडी वाळूतून काढायचं सामान या संचात नसतंच. ते विकत घ्यावं लागतं आणि पैसा खर्चायचा तर तिथेच खर्चावा.

तंबू आणि मेखा

संचातल्या मेखा साधारण १८ सेंटीमीटरच्या, गोल सळईच्या. आपल्या काळ्या जमिनीत किंवा मुरमात त्या घट्ट बसतात, कारण माती मेखेला धरून ठेवते. कोरड्या वाळूच्या कणांना एकमेकांचा काहीच आधार नसतो. मेख हाताने आत जाते आणि तितक्याच सहज बाहेर येते. दुपारी वारा पडलेला असताना तंबू छान उभा दिसतो; संध्याकाळी वारा सुटला की वाऱ्याकडची बाजू आधी उचलली जाते, मग सगळा तंबू पालथा. आत सामान आहे म्हणून तो जागचा हलणार नाही, या भरवशावर राहू नका.

याला दोन उपाय आहेत. पहिला, ३० ते ४० सेंटीमीटर लांबीच्या, रुंद पात्याच्या, व्ही किंवा यू आकाराच्या अॅल्युमिनियमच्या मेखा. त्या मिळतात, पण तंबूमागे आठ घ्यायच्या म्हणजे खर्च होतो, आणि अगदी भुसभुशीत वाळूत त्याही सैल पडतात. दुसरा उपाय फुकटात होतो आणि आमच्या मते जास्त भरवशाचा आहे: खताच्या रिकाम्या गोण्या. युरियाची गोणी धुऊन, वाळवून मधोमध आडवी कापायची. खालच्या अर्ध्याला बूड असतंच. वरच्या अर्ध्याचं एक तोंड सुतळीने शिवून घ्यायचं. एका गोणीच्या दोन पिशव्या झाल्या. घुमटी तंबूला चार कोपरे आणि चार ताणदोऱ्या, म्हणजे आठ पिशव्या. दोन तंबूंना सोळा, म्हणजे आठ गोण्या. रिकाम्या असताना त्यांना ना वजन ना जागा.

तिथे प्रत्येक पिशवीत आठ-दहा किलो वाळू भरा, तोंड बांधा आणि पिशवीच्या मध्यावर दोरी आवळा. तंबूपासून हातभर अंतरावर दीड फूट खोल खड्डा करून पिशवी आडवी पुरा. दोरी बाहेर येते तिथे खड्ड्याच्या कडेला तंबूच्या दिशेने तिरकी चर काढायला विसरू नका. ही चर नसली तर ताण आला की दोरी सरळ वर ओढते आणि पिशवी उकरली जाते. चर असली तर ओढ तिरकी लागते आणि पिशवीवरची सगळी वाळू विरोधाला उभी राहते. वर पायाने दाबा. दोरी ४ मिलिमीटर जाडीची आणि किमान अडीच मीटर लांब असावी, कारण संचातल्या आखूड दोऱ्या इथवर पोचत नाहीत. निघण्याआधी गावात कुठे बांधकाम चालू असेल तर मालकाला विचारून वाळूच्या ढिगात एक पिशवी पुरून, दोरी ओढून बघा. पाच मिनिटांत विश्वास बसतो.

तंबूची दुसरी अडचण जाळीची. आतल्या तंबूचा वरचा अर्धा भाग जाळीचा असतो, कारण तो पावसाळी दमट हवेसाठी बनवलेला आहे. वाळवंटात वाऱ्याबरोबर बारीक धूळ वरच्या कापडाखालून शिरते आणि जाळीतून गाळून अंथरुणावर पडते. वाऱ्याकडच्या बाजूला जाळीवर आतून सुती चादर सेफ्टी पिनांनी लावा. सगळी जाळी मात्र झाकू नका. शेंड्याजवळची जागा उघडी हवी, नाहीतर तिघांच्या श्वासाची वाफ पहाटे कापडावरून थेंबाथेंबाने खाली येते. वरच्या कापडाच्या काठावर वाळूचा बांध घालायचा तर तोही फक्त वाऱ्याकडच्या बाजूला.

चेन अडकणं ही तिसरी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी गोष्ट. अडकलेल्या चेनला कुणी तेल लावलं की काम बिघडलंच. तेलावर वाळू चिकटते आणि दाते झिजतात. कोरड्या रंगाच्या ब्रशने दाते झाडा, मग मेणबत्तीचा तुकडा किंवा पेन्सिलीचं शिसं फिरवा. फायबरच्या कांड्या जोडतानाही खाली ताडपत्री अंथरा; सांध्यात वाळूचे चार कण राहिले तर कांडी पूर्ण बसत नाही आणि वाकवताना टोकाशी उभी चिरते. कांडीवर सरकेल अशी १५ सेंटीमीटरची धातूची नळी आणि चिकटपट्टी जवळ असली की चिरलेली कांडी दोन रात्री निभावते. दुकानदार ही नळी देतो का, ते विचारून घ्या. बहुतेक जण देत नाहीत.

जागा कशी निवडावी? टेकडीच्या माथ्यावर वारा, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात रात्री गारठा साचतो, आणि वाऱ्याआडच्या उभ्या उताराच्या पायथ्याशी वरून वाळू घसरते. तेव्हा मंद उताराच्या खालच्या अंगाला, सपाट जागी, दोन्ही गाड्या वाऱ्याकडे आडव्या लावून त्यांच्या आडोशाला तंबू उभारा. शर्यतीच्या दिवसांत आजूबाजूला हौशी लोक रात्रीही गाड्या फिरवतात. टेकडी चढून येणाऱ्या चालकाला पलीकडचा तंबू दिसतच नाही. म्हणून ताणदोऱ्यांवर चमकणारी पट्टी चिकटवा, एक कंदील रात्रभर गाडीच्या टपावर चालू ठेवा आणि चाकांच्या ताज्या खुणा दिसतात तिथे मुक्काम करूच नका. ही गोष्ट गैरसोयीची नाही, जिवाची आहे.

हवा भरायचा पंप

इतकी साधी वस्तू, पण वाळूत गाडी चालणार की रुतणार हे तिच्यावर ठरतं. वाळूत उतरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची असते. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा त्याचा पट्टा लांबतो आणि गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं. ज्यांना हे ठाऊक आहे तेही आळस करतात, कारण परत डांबरावर येताना हवा भरायची कशाने? चांगला पंप सोबत असला की हा आळस उरत नाही.

रस्त्यावर कंपनीच्या स्टिकरवरचा आकडा ठेवा. वाळूच्या तोंडाशी १८ पीएसआयवर या. टेकड्या मऊ असतील तर १५-१६. १२ च्या खाली जाऊ नका. जोरात वळताना टायर रिमवरून सुटतो आणि मग दोन तास गेलेच समजा. कमी हवेवर वेग ३०-४० च्या आत ठेवा आणि डांबर लागताच पुन्हा भरा, नाहीतर टायरच्या बाजू तापून निकामी होतात.

आता पंपाचा हिशेब. महिंद्रा थार गाडीच्या २५५/६५ आर १८ मापाच्या टायरमध्ये साधारण ७० लिटर जागा असते. १६ वरून ३२ वर जायला जवळपास ७५ ते ८० लिटर मोकळी हवा आत ढकलावी लागते. एका सिलिंडरच्या स्वस्त पंपावर मिनिटाला ३५ लिटर लिहिलेलं असतं, पण तो आकडा समोर दाब नसतानाचा. टायरचा दाब वाढतो तसा प्रवाह मंदावतो आणि एका टायरला पाच-सहा मिनिटं सहज लागतात. दोन गाड्यांचे आठ टायर, मधे पंप गार होऊ देण्याची विश्रांती, म्हणजे एक तास गेला. दोन सिलिंडरचा पंप हेच काम निम्म्याहून कमी वेळात करतो. दोन गाड्यांत एक दोन-सिलिंडरी पंप आणि सुटं म्हणून एक छोटा, ही जोडी आम्हाला सगळ्यात योग्य वाटते.

दोन सिलिंडरचा पंप ३० अँपिअर किंवा त्याहून जास्त वीज ओढतो. तो सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावला की फ्यूज उडालाच समजा. थेट बॅटरीला चिमटे लावायचे, तेही इंजिन चालू ठेवून. पंपाला थेट वाळूवर ठेवू नका, त्याचा पंखा धूळ आत ओढतो; बोनेटच्या कडेला किंवा पायपुसण्यावर ठेवा. नळीचं टोक आटे फिरवून बसणारं घ्या. खटका दाबायचं टोक काही महिन्यांत गळायला लागतं. भरून झाल्यावर पितळी टोक तापलेलं असतं, तेव्हा जाड कापडाने सोडवा. पंपावरचा काटा हवा चालू असताना जास्त दाखवतो, म्हणून वेगळा गोल काटा हवाच. हवा सोडायला व्हॉल्वची चावी वापरत असाल तर खाली रुमाल अंथरा. व्हॉल्वचा दाणा, म्हणजे हवा अडवणारा आतला बारीक भाग, एकदा वाळूत पडला की मिळत नाही. चार जादा दाणे खिशात असू द्या.

रुतलेली गाडी काढायचं सामान

रिकव्हरी बोर्ड, म्हणजे रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या दातेरी फळ्या, दोन तऱ्हेचे मिळतात. नायलॉनचे महाग असतात, पण वाकतात आणि परत सरळ होतात. साध्या प्लास्टिकचे निम्म्या किमतीत मिळतात. गारठ्यात ते तडकतात. दोन्हींचे दात एकाच चुकीने जातात: बोर्डावर चाक जागच्या जागी फिरवलं की घर्षणाने ते वितळतात. बोर्ड चाकाला टेकवून गाडी दामटायची नसते. आधी फावड्याने चाकापुढची वाळू उतरती काढा, गाडीच्या पोटाला टेकलेली वाळूही मोकळी करा, बोर्ड चाकाखाली शिरेल असा तिरका सरकवा, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाका आणि क्लच हळू सोडा. गाडी बाहेर आली की टणक जागा येईपर्यंत थांबू नका. बोर्ड मागे वाळूत गाडले जातात, म्हणून प्रत्येकाला मीटरभर रंगीत दोरी बांधून ठेवा.

फावडं लांब दांड्याचं, शेतातलं न्या. ऑनलाइन मिळणारं घडीचं फावडं गाडीत ठेवायला सोपं आहे, पण गाडीखाली पोचत नाही आणि त्याची बिजागरी वाळूने घट्ट होते. त्यावर पैसे घालवू नका.

ओढायच्या पट्ट्यांत फरक ओळखा. पॉलिस्टरची पट्टी ताणली जात नाही. ती रस्त्यावर बंद पडलेली गाडी ओढायला. वाळूत लागते ती नायलॉनची स्नॅच पट्टी, जी ताणली जाते आणि तो ताण रुतलेल्या गाडीला खेचून घेतो. ८ टनांची, ९ मीटरची पट्टी थार किंवा मारुती जिमनीसारख्या गाडीला पुरे. ती बांधायची फक्त गाडीच्या मूळ हुकाला. मागे ट्रॉलीसाठी लावलेल्या गोळ्याला बांधलेली पट्टी गोळा उपटून काचेतून आत घालवू शकते. दोन पट्ट्या जोडायला मधे लोखंडी शॅकल (जोडायची कडी) वापरू नका, कारण तेच. पट्टीच्या मध्यावर जुनी गोधडी टाका, म्हणजे तुटली तरी झटका कमी बसतो, आणि बघ्यांना पट्टीच्या दीडपट लांबीपलीकडे उभं करा. मऊ दोरीची शॅकल थोडी महाग पडते, पण उडाली तरी तितकी इजा करत नाही. तीच घ्या.

गाडीबद्दल थोडंसं. थारची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती २०२३ पासून मिळते. दिसायला तीच, पण ती वाळूत नेऊ नका. जिमनी हलकी असल्याने वाळूवर तरंगत जाते, मात्र तिची टाकी ४० लिटरची आहे. वाळूत इंधन दीड-दुपटीने जळतं, तेव्हा जैसलमेर सोडताना टाकी काठोकाठ भरा. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल नेऊ नका. टेकडी सरळ चढा, सरळ उतरा, आडव्या उतारावर वळू नका. थांबताना ब्रेक न मारता गाडी आपोआप मंदावू द्या आणि तोंड उताराकडे ठेवून थांबा. ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चालू असेल तर चाक घसरताच ते इंजिनाचा जोर कापतं आणि गाडी ऐन चढावर मरते, म्हणून वाळूत ते बंद ठेवा. पुढच्या बंपरला आठ-दहा फुटांची काठी आणि केशरी झेंडा लावा. टेकडीपलीकडून येणाऱ्याला आधी झेंडा दिसतो.

थंडी

धुळेकरांना थंडीचं कौतुक सांगायला नको; आपल्याकडेही हिवाळ्यात पारा एक आकड्यावर येतो. पण जैसलमेरकडच्या उघड्यावर तीच थंडी वाऱ्यासकट येते आणि सूर्य मावळल्यावर वाळू झपाट्याने गार होते. संचातल्या स्लीपिंग बॅगेवर दोन आकडे असतात. दुकानदार खालचा आकडा सांगतो, तो निभावण्याचा असतो. झोप लागण्याचा आकडा वरचा, ‘कम्फर्ट’चा. तो ५ अंशांच्या आसपास हवा. भाड्याच्या बॅगा वारंवार धुऊन आणि दाबून ठेवून आतला कापूस बसलेला असतो, म्हणून लेबलावरच्या आकड्यापेक्षा चार-पाच अंश जास्तच धरा. उरलेली तूट घरची गोधडी भरून काढते: एक बॅगेवर पांघरायला, आणि जागा असेल तर एक चटईखाली. गारठा वरून येतो तितकाच खालून येतो, आणि संचातली पातळ चटई एकटी पुरत नाही.

पाणी, शेगडी, जेवण

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज पाच लिटर, हात-तोंड-भांड्यांना दोन. सहा माणसं, अडीच दिवस: शंभर लिटरच्या थोडं वर. २० लिटरचे पाच चौकोनी कॅन आणि वरच्या गरजेला बाटल्या. हे शंभर किलो वजन एकाच गाडीच्या डिकीत टाकलं की ती गाडी आधी रुतणार. तीन इकडे, दोन तिकडे, सीटच्या पाठीला टेकवून खाली ठेवा. नळाचे गोल जार नेऊ नका. गाडी हादरली की नळ गळतो आणि त्यात वाळू बसली की बंद होत नाही.

संचातली शेगडी ब्युटेनच्या डब्यावर चालते. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळतं, त्यामुळे पाच-सहा अंशांच्या पहाटे डब्यात दाबच राहत नाही. शिवाय गॅस बाहेर पडताना डबा आणखी गार होतो. चहाचं पाणी अर्धा तास कोमट राहतं. पाच किलोचा छोटा एलपीजी सिलिंडर आणि त्यावर बसणारा बर्नर न्या. वजन आहे, पण सहा जणांच्या भाकरीला जाळ पुरतो. वाळूवर ठेवताना खाली दोन फुटांची प्लायवुडची फळी हवी, नाहीतर पातेलं कलंडतं. वाऱ्याचा पडदा फक्त बर्नरभोवती, तीन बाजूंना लावा, पण खालचा सिलिंडर पडद्याबाहेर राहील असा. तंबूत शेगडी किंवा कोळसे पेटवायचे नाहीत, कितीही थंडी असली तरी. बंद कापडात कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच माणसं दगावतात.

शेकोटीसाठी तिथली झाडं तोडू नका. खेजडी हा राजस्थानचा राज्यवृक्ष आहे, तिच्या सुक्या फांद्यासुद्धा गावकऱ्यांच्या उपयोगाच्या असतात.

जेवणाच्या बाबतीत खान्देशी माणसाला फारसं काही शिकवावं लागत नाही, तरी वाळूत काय सोपं जातं ते सांगतो. शेवभाजीचं वाटण घरीच भाजून, पाणी न घालता तेलात परतून डब्यात भरा. हिवाळ्यात ते तीन दिवस चांगलं राहतं. तिथे उकळत्या पाण्यात रस्सा, आणि जाड तिखट शेव ताटात वाढतानाच. आधी घातली तर लगदा होतो. भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर घरीच भाजून सोलून न्या आणि पहिल्याच रात्री फोडणी द्या, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. कळण्याचं पीठ दळताना मीठ घालून न्या. भाकऱ्या मात्र थापायच्या असतील तर सूर्य मावळायच्या आधी गाडीच्या आडोशाला थापा. वारा सुटल्यावर मळलेल्या पिठात वाळू शिरते आणि ती काढता येत नाही. केळी प्रवासातच संपवा, डिकीतल्या हादऱ्यांत ती काळी पडतात. भांडी आधी कोरड्या वाळूने घासून, मग थोड्या पाण्याने विसळा. इथे पाणी वाचतं ते असं.

कंदील आणि खुर्च्या ठीक आहेत. खुर्चीच्या पायांखाली प्लास्टिकच्या झाकण्या लावल्या की ती रुतत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाची वेगळी हवी.

शर्यत बघताना

क्रॉस-कंट्री रॅली म्हणजे स्टेडियमातली शर्यत नव्हे. वेळ मोजला जाणारा टप्पा शेकडो किलोमीटरचा असू शकतो. स्पर्धक ठरावीक अंतराने एकेक सुटतात, साधारणपणे आधी मोटरसायकली, मग मोठ्या गाड्या. तुमच्यासमोरून प्रत्येक जण काही सेकंदांत जातो. म्हणून जागा निवडणं महत्त्वाचं. बहुतेक लोक उंच उडीची जागा शोधतात आणि तीच सगळ्यात धोक्याची. माथ्यापलीकडे उभं राहू नका, चालकाला तुम्ही दिसत नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहू नका, सुटलेली गाडी तिकडेच येते. आतल्या अंगाला, उंचावर, मार्गापासून किमान ३० मीटरवर राहा आणि मार्शलने सांगितलं की हला. टप्पा संपवत येणारी शेवटची स्वीप गाडी जाईपर्यंत मार्ग ओलांडायचा नाही.

आमच्या मते बघायची खरी जागा म्हणजे जिथे वाळूत दोन-तीन वाटा फुटतात. स्पर्धकांकडे रोडबुक असतं, त्यातल्या खुणा, अंतर आणि दिशा वाचत ते जातात. तिथे एखादा थबकतो, मागे वळतो, दुसऱ्याच्या चाकांच्या खुणांवर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवतो, आणि वेग असूनही मिनिटं गमावतो. २०१५ मध्ये सी. एस. संतोष डाकार रॅली ही जगातली नावाजलेली क्रॉस-कंट्री शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले, २०२४ मध्ये हरित नोआने तिथे रॅली-२ गट जिंकला. ताकदीइतकंच हे वाचन त्या यशामागे असतं. संध्याकाळी प्रेक्षकांना सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे स्पर्धकांच्या गाड्या दुरुस्त करतात त्या जागी, सोडत असतील तर तिथे जाच. एअर फिल्टर झटकून किती वेळा बदलतात, कोणते नटबोल्ट रोज पुन्हा आवळतात, हे बघून आपल्या गाडीसाठीही शिकता येतं.

दोन गाड्यांत बोलायला ४४६ मेगाहर्ट्झचे, परवाना न लागणारे आणि मान्यता मिळालेले वॉकीटॉकी घ्या. टेकड्यांत मोबाइलचा भरवसा नाही. सॅटेलाइट फोन मात्र परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही, आणि हा सीमेचा जिल्हा आहे. ड्रोन घरीच ठेवा. सीमेलगतच्या काही भागांत जायला प्रशासनाची परवानगी लागते. डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत वाट सोडून गाडी घालू नका. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो आणि तो फार थोडा उरला आहे. वाळूत कुठे उतरता येईल हे आयोजकांना किंवा गावकऱ्यांना विचारूनच ठरवा.

तयार तंबूंची सोय

जैसलमेरजवळच्या सम इथल्या वाळूच्या टेकड्यांच्या बाजूला पलंग, रजया, गरम पाणी आणि जेवणासह तयार तंबू भाड्याने मिळतात. लहान मुलं किंवा वडीलधारी मंडळी सोबत असतील तर तेच घ्या, विचार करू नका. पण शर्यतीचा टप्पा दुसऱ्या दिशेला असला तर पहाटे अंधारात लांब गाडी हाकावी लागते, आणि काही ठिकाणी रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजात गाणी चालतात. बुकिंगआधी टप्प्याची जागा आणि गाण्यांची वेळ, दोन्ही विचारा.

जाणं आणि परतणं

धुळ्याहून कोंडाईबारी घाट, नवापूर, सुरत, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर असं सुमारे हजार किलोमीटर पडतं. एका दमात करू नका; दोन चालक असले तरी अहमदाबादच्या पुढे एक मुक्काम ठेवा. शनिवार-रविवारच्या मागे-पुढे दोन-दोन दिवस धरले तरच हे जमतं.

संच परत करताना अनामत कापली जाते ती बहुतेक वाळूमुळे. तंबू तिथेच उलटा करून दोघांनी धरून झटका, कांड्या पुसून बांधा, चेन ब्रशने झाडा. घरी आल्यावर गच्चीवर एक दिवस पसरून ठेवा, कारण पहाटेची वाफ कापडात राहिली की तीन दिवसांत बुरशीचा वास येतो. घेतानाच प्रत्येक तंबू दुकानात उभा करून कांड्या, चेन आणि शिवणींचे फोटो दुकानदारासमोर काढून घ्या. गाडीचा एअर फिल्टर परतल्यावर लगेच काढून बघा, गाडी खालून पाण्याच्या जोराने धुवा आणि ब्रेकच्या पॅडमध्ये वाळू अडकून करकर येत असेल तर चाकं उतरवून साफ करा. चाकांचे नट शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा आवळा.